पाठीवरचे पाचशे नव्वद पौंड

हार्लन फ्लॅट, मोंटाना
१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय मार्ला,

तुझं दार माझ्या दारापासून चारशे बारा पावलांवर आहे. (मोजली आहेत. तू म्हणशील, तुला दुसरा धंदा काय.) तरीही मी या पाकिटाला तिकीट चिकटवणार आहे. म्हणजे ते आधी ऐंशी मैलांवरच्या मोठ्या टपालघरात जाईल, तिथे शिक्का खाईल, आणि तीन दिवसांनी आपल्याच गल्लीत परत येईल. समोर बसून सांगावं असं ठरवून गेले पाच रविवार मी तुझ्याकडे जेवायला आलो, आणि पाचही वेळा तुझ्या बटाट्यांची तारीफ करून परत गेलो. माझं बोलणं अडचणीत आलं की विषय संस्कृतात शिरतो, हे तुझंच निरीक्षण. कागदावर निदान तुला मला थांबवता येणार नाही आणि मला पळता येणार नाही.

परवा ताटं विसळताना तू जे बोललीस ते आधी जसंच्या तसं लिहितो. केसीचा फोन येऊन गेला होता, तिची पोरगी चालायला लागली म्हणून. मी म्हटलं, मग जाऊन ये की लेकीकडे, ओरेगॉनला; गाडीत बसवत नसेल तर रेल्वे आहे. तू नळ बंद केलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तिला मांडीवर घेऊन काय सांगू, लायल? तुझ्या आजोबाला मी बरण्या भरून मारलं, असं?” मी एकच ताट फडक्याने चार वेळा पुसलं. तू तेरा महिने हेच धरून बसली आहेस. नात वर्षाची होत आली, तू तिला अजून पाहिलेलं नाहीस. मार्ला, ते वाक्य चूक आहे. ते चूक आहे हे या गावात एकट्या मला माहीत आहे, आणि कसं माहीत आहे ते आज क्रमाने सांगणार आहे. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे; पण मी क्रम सोडला तर मधलं एक पान गाळीन. स्वतःला मी ओळखतो.

सुरुवात ड्वेनपासून करतो, कारण तुझ्या नवऱ्याने या गावात माझी सुरुवात करून दिली. सत्तावीस वर्षांचा मी विद्यापीठातून परत आलो तेव्हा माझ्याकडे सात वर्षांचं संस्कृत होतं आणि पदवी नव्हती. विभागच बंद पडला होता. सरांना निवृत्त केलं, आणि आम्हा दोघा विद्यार्थ्यांना सांगितलं की मानववंशशास्त्रात जागा आहे. मी वडिलांच्या जागी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर येऊन बसलो. पहिल्याच हंगामात शेतकरी खिडकीशी ट्रक उभा करून विचारायचे, “काय रे, गव्हाला तुझ्या त्या भाषेत काय म्हणतात?” मी ‘गोधूम’ म्हटलं की हसत सुटायचे. ड्वेन एकटा हसला नाही. म्हणाला, “लिहून दे.” आणि पुढच्या खेपेला त्याच्या ट्रकच्या दारावर पांढऱ्या रंगात, माझ्या अक्षराची वेडीवाकडी नक्कल करून, ‘गोधूम’ रंगवलेलं होतं. वर म्हणाला, “पंडित, आता हे लोक मला हसतील. तू जरा सुट्टी घे.” त्या दिवसापासून मी पंडित झालो आणि तो माझा मित्र. एकोणतीस वर्षं.

आता काट्याची गोष्ट. आपल्याकडे ट्रक शेतातून भरून निघतो आणि चौदा मैलांवर कोठारात रिकामा होतो. रस्ता तव्यासारखा सपाट, चढ नाही, उतार नाही, वळणं सगळी मिळून तीन. हंगामात एकही ट्रक ठरल्या वजनात येत नाही, आणि मीही कधी कुणाला परत पाठवलेलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. कोठाराला फक्त एकूण बेरीज हवी असते: भरलेला किती, रिकामा किती, मधला फरक गहू. कोणत्या आसावर किती भार आला, गाडीचा कणा काय म्हणतोय, हे बघायची आमच्या काट्याला सवयच नाही. तीन पिढ्या आपण जास्त भार घालत आलो आणि जमिनीने एकदाही त्याचा जाब विचारला नाही. म्हणून आपल्या माणसांना वाटतं की भार हा फक्त आकडा असतो, आणि त्या आकड्याबद्दल काटेवाल्याशी हसून बोलता येतं.

ट्रेलर आणला त्या वसंतातलं तुला आठवत असेलच. केसीला दिवस गेले होते. ड्वेनने ठरवलं की हिवाळ्याचे तीन महिने तिच्या अंगणात ट्रेलर उभा करून राहायचं, तिथे सोयरिकीत राहून सोयरीक बिघडवायची नाही. बावीस फुटांचं ते चाकांवरचं घर दारात आलं तेव्हा तू अंगणात हात बांधून उभी होतीस. “या डब्यात मी अंडंसुद्धा उकडणार नाही,” असं म्हणालीस. ड्वेन माझ्याकडे वळून म्हणाला, “अंडी मी उकडीन. हिने फक्त दार उघडून आत यायचं.” मग त्याने आपला ट्रक दाखवला, जाहिरातीचा चकचकीत कागद दाखवला. त्यावर बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: नऊ हजार नऊशे पौंड ओढतो. ट्रेलर रिकामा सहा हजार दोनशेचा. “सदतीसशे पौंड शिल्लक! अख्खं चर्च आत बसवून नेईन.” तू तेव्हा एकच अट घातलीस, आणि सगळ्यांसमोर घातलीस. भरलेली गाडी लायलच्या काट्यावर जाईल. लायल हो म्हणाला तरच मी बसणार. ड्वेनने टोपी काढून मला वाकून नमस्कार केला.

तुझी ती अट सगळ्यांनी थट्टेत काढली. त्या अंगणात शहाणपणाची गोष्ट तेवढीच झाली होती.

कारण जाहिरातीतला आकडा खरा असतो आणि तरीही उपयोगाचा नसतो. ओढणं निराळं आणि पाठीवर घेणं निराळं. बैलगाडीचा बैल किती ओढतो हा एक प्रश्न, आणि गाडीची धुरा त्याच्या मानेवर किती टेकते हा दुसरा. माझ्या जुन्या पोथ्यांतल्या लोकांना हा फरक नीट कळत होता. ट्रक विकणाऱ्यांनाही कळतो, पण ते तो बोलत नाहीत. ट्रेलरच्या वजनाचे आठ भाग केले तर सात त्याच्या स्वतःच्या चाकांवर जातात आणि एक भाग जोडाच्या दांडीवाटे थेट ट्रकच्या पाठीवर बसतो. आणि त्याच पाठीवर तुम्ही दोघं बसता, कुत्रा बसतो, हत्यारांची पेटी बसते. ट्रक किती पेलेल हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका पिवळ्या पट्टीवर छापलेलं असतं. ती कमरेच्या उंचीवर असते, तिच्यावर धूळ असते, आणि ट्रक घेणारा माणूस तेव्हा स्टिअरिंगकडे बघत असतो. ड्वेनच्या पट्टीवर लिहिलं होतं: माणसं आणि सामान मिळून चौदाशे साठ पौंड.

ऑगस्टात त्याने ट्रेलर जोडून पाहिला तेव्हा ट्रकचं बूड बसलं आणि नाक वर आलं. हे त्यालाही दिसलं. मग त्याने काय केलं? मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या. हवा भरली की बूड वर. ट्रक असा सरळ उभा राहिला की पाणसळ लावून बघावी. अख्ख्या गावाने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. आपल्याकडे गाडी भरली की नाही हे बुडावरून ठरतं. पण पिशव्यांनी पट्टीवरचा आकडा वाढत नाही. पाठ वाकलेल्या माणसाला कुबडी दिली की तो ताठ दिसतो, ओझं तेवढंच राहतं. मी हे त्याला तेव्हाच बोललो होतो. तो म्हणाला, “पंडित, तुझ्या भाषेत सगळ्याच गोष्टी मेलेल्या असतात.”

चार ऑक्टोबर, सकाळचे साडेसात. हंगाम संपलेला, कोठार मोकळं. हिवाळ्यासाठी दक्षिणेला जाणारी मंडळी त्या आठवड्यात आपापले ट्रेलर काट्यावर आणतात आणि वजनाची फी म्हणून फळांचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ देतात, ही वडिलांपासूनची रीत. तू मागून स्वतःच्या गाडीने तो ‘पाय’ घेऊन येणार होतीस. ड्वेन एकटाच आला, सोबत कुत्रा. मी आधी सगळं एकदम तोललं, मग ट्रेलर मागे काट्याबाहेर घेऊन नुसता ट्रक तोलला, जोड न सोडता. तुझे दीडशे पौंड मी अदमासाने धरले, क्षमा कर. ट्रेलर जोडून, सगळं भरून, ट्रक एकटा सात हजार पाचशे नव्वद. त्याला परवानगी सात हजारांची. पाचशे नव्वद पौंड जास्त.

मी त्याला खिडकीतून आत बोलावलं आणि कागदावर मांडून दाखवलं. दांडीचा भार नऊशे पंचाहत्तर. जोडाचं लोखंड शंभर. तो स्वतः दोनशे साठ, तू दीडशे, कुत्रा पासष्ट, जनरेटर एकशे वीस, हत्यारांची पेटी दोनशे, मागच्या हौद्यावरचं टोपण एकशे ऐंशी. मी म्हटलं, टोपण काढ, पेटी काढ, जनरेटर काढ. तो म्हणाला, “मग कुत्रा पण काढू?” मी म्हटलं, “कुत्रा पण काढ, आणि तूही पंचवीस पौंड उतरव, म्हणजे बरोबर बसतोस.” तो हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, “तेहतीस वर्षं तुझ्या नि तुझ्या बापाच्या काट्यावरून मी जास्त भरून गेलो. पडलो कुठे?” मी म्हटलं, “तेहतीस वर्षांत तू डोंगर उतरला नाहीस.” तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढ्या वर्षांत मी त्याला विनवणी करताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, “तिला हे सांगितलंस तर ती उतरेल, लायल. मला माहीत आहे ना ती. म्हणेल, आपण मोटेलात राहू, आठवड्याने परत येऊ. मग मी तीन महिने नातवंडाला कुठून बघू? एकदाच जायचंय रे. परत आलो की मागे दुहेरी चाकं असलेला मोठा ट्रक बघतो. सावकाश जाईन. शपथ.”

मी हो म्हटलं नाही. पण तुझी गाडी आवारात शिरली तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहिला, आणि खिडकीत मी एकटा होतो.

तू ‘पाय’चं ताट काउंटरवर ठेवलंस. रानातल्या आंबट चोकचेरीचा ‘पाय’ होता, वरून साखर भुरभुरलेली. तू म्हणालीस, “नवऱ्याला विचारत नाही. तुला विचारते. जाऊ?” मार्ला, मी तुला एकही खोटा शब्द सांगितला नाही. कागद तुझ्याकडे फिरवला आणि एकूण बेरजेवर बोट ठेवलं. म्हणालो, “सगळं मिळून चौदा हजार एकशे पंधरा. साडेपंधरा हजारांपर्यंत चालतं. जवळजवळ चौदाशे पौंड अजून शिल्लक आहेत.” प्रत्येक आकडा खरा होता. दुसऱ्या ओळीवर, एकट्या ट्रकच्या वजनावर, माझा तळहात होता. वादात समोरच्याला असं फसवण्याला न्यायशास्त्रात ‘छल’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार मी विद्यापीठात तोंडपाठ म्हणून दाखवले होते आणि शाबासकी मिळवली होती. तू म्हणालीस, “बस, तुझ्यावर सोपवलं.” आणि हलक्या पावलांनी गेलीस. तुला इतकं हलकं चालताना मी त्याआधी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी जाऊन तू बरण्यांच्या दोन पेट्या ट्रकच्या मागे चढवल्यास, आणि केसीच्या बाळाची गोधडी शिवायला आईचं ते लोखंडी शिवणयंत्र. मी नंतर मनातल्या मनात तोललं: एकशे चाळीस पौंड, थोडं इकडे तिकडे. कुणाच्या शब्दावर चढवलंस? चौदाशे शिल्लक आहेत असं तुला कोणी सांगितलं होतं? तुझ्या मनात मात्र हे असं बसलंय की ‘लायलने शिल्लक सांगितली ती ट्रेलरची, आणि मी बावळटासारखं ट्रकमध्ये ठेवलं.’ तू हे मला चारदा तरी सांगितलंस, ट्रकमध्ये ठेवायला नको होतं म्हणून. मी चारही वेळा ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओरेगॉनच्या वाटेवरच्या खिंडीच्या पश्चिम उतारावर काय झालं ते तू आत बसून पाहिलं आहेस. मी त्यात एक अक्षर घालणार नाही. एवढंच सांगतो, जे तुला कुणी नीट समजावलं नाही. पाठीवर जास्त भार असला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालतं. शिवाय लांब उतारावर ब्रेक तापतात. ट्रेलर मागून डोलायला लागला तेव्हा ड्वेनने जे काही केलं असेल ते बरोबरच केलं असेल. पण त्याच्या हातातल्या चक्राला जमीन धरायला पुरेसं वजन पुढे उरलं नव्हतं. त्यात तुझे एकशे चाळीस होते का? होते. मी हिशेब सोडून तुला दिलासा देणार नाही. तसा दिलासा तू ओळखशील. पण काट्यावरून उतरतानाच गाडी पाचशे नव्वदने जास्त होती, आणि ते माहीत असलेला माणूस खिडकीत तळहात ठेवून बसला होता.

मग ड्वेनला मूठमाती दिल्यावरचं, चर्चच्या तळघरातलं जेवण. हॅमचे पाव, जेलीचं सॅलड, कॉफीचं मोठं भांडं. तुझा हात गळ्यात बांधलेला. ड्वेनचा भाऊ व्हर्न कागदी ताट घेऊन माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुझ्या काट्यावर तर सगळं ठीक होतं ना, लायल? पोलीस म्हणतात, ट्रकच्या पाठीवर फार होतं. मग नंतर काय कोंबलं त्यात?” तू भिंतीशी खुर्चीवर होतीस. मला एवढंच म्हणायचं होतं: काट्यावरही ठीक नव्हतं. मी तोंडात पाव घातला आणि चावत राहिलो. तूच उत्तर दिलंस. “बरण्या,” म्हणालीस. “मी बरण्या ठेवल्या.” व्हर्नने मान हलवली आणि पुढे गेला. बायकांनी येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवले. मला वाटतं त्या क्षणी तुझ्यावर हे लिहिलं गेलं, आणि ते लिहिताना लेखणी माझ्या हातात होती. खिडकीतल्या गोष्टीला मी भीड म्हणू शकतो, मैत्री म्हणू शकतो. तळघरातल्या गोष्टीला नाव नाही.

तेरा महिने मी स्वतःला एक दृष्टान्त सांगत होतो. नैयायिक विचारतात, मडक्याचं कारण काय? माती, चाक, कुंभार. आणि ज्या गाढवाने माती वाहून आणली ते? ते तिथे असतं खरं, पण त्याला कारणात धरत नाहीत. मी म्हणायचो, मी ते गाढव. मी फक्त आकडे वाहिले. गाडी ड्वेनने भरली, चालवली त्याने. फार सोयीचं गाढव होतं ते. मी रविवारी तुझ्याकडे जेवायचो, तुझ्या छपराची पन्हळ साफ करायचो, हिवाळ्याच्या जादा खिडक्या बसवायचो, आणि गाढव शांतपणे मागे उभं असायचं. उन्हाळ्यात एकदा तुझ्या शेडमध्ये ते शिवणयंत्र दिसलं, पोचे पडलेलं, गोणपाटात गुंडाळलेलं. तू ते फेकलंही नव्हतंस आणि उघडलंही नव्हतंस. त्यानंतर मला दृष्टान्त चालेनासा झाला.

आता गप्प का बसलो, ते. ड्वेनच्या विनवणीवर ढकलणं सोपं आहे, आणि तो उत्तर द्यायला नाही. पण खरं असं: तू काउंटरशी उभी राहून “जाऊ?” म्हणालीस तेव्हा माझ्या आतून “जाऊ नको” एवढ्या जोरात वर आलं की मीच दचकलो. आणि मला कळेना की ते पाचशे नव्वद पौंडांसाठी आहे, की तीन महिने रविवार ओकेबोके जातील म्हणून. तुला कदाचित ठाऊक असेल, कदाचित नसेल, मी कधी विचारलं नाही. पण तुझ्या नवऱ्याचा मित्र म्हणून मी एकोणतीस वर्षं तुमच्या टेबलाशी बसलो आणि त्यातली निदान वीस मी फक्त ड्वेनसाठी बसलो नव्हतो. त्याला कधी दुखावलं नाही. एक शब्द, एक नजर नाही. त्याचाच मला गर्व होता. त्या गर्वापायी मी ठरवलं की तुला अडवणारा मी नसावा. माझा हेतू शुद्ध नाही, म्हणून माझं म्हणणं मी गिळलं. वजनाला हेतू नसतो, मार्ला. ते कागदावर होतं. मी माझ्या मनाचा निवाडा करत बसलो आणि तुला तुझ्या ट्रकचं वजन सांगितलं नाही.

कागदाची कार्बन प्रत सोबत ठेवली आहे. वर तारीख आहे, वेळ सात अठ्ठेचाळीस, खाली माझी सही. दुसरी ओळ वाच. तुझ्या बरण्या चढायच्या तासभर आधीची ती ओळ आहे. व्हर्नला मी शनिवारी त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे, आणि त्यानंतर रविवारी चर्चच्या तळघरात, जिथे मी पाव चावत उभा होतो तिथेच, उभा राहून सांगणार आहे. महामार्ग पोलिसांनाही एक प्रत पाठवली आहे. त्यांना तिचं काय करायचं ते करोत. केसीला तू सांग, किंवा हे पत्रच वाचायला दे. रेल्वे दर मंगळवारी आणि शनिवारी जाते. पोरीला मांडीवर घे. मोठी होऊन तिने विचारलंच, तर तिला माझं नाव सांग.

आणि हे आज, या आठवड्यातच का, तर परवा मी निघताना तू माझा कोट हातात धरून जे म्हणालीस त्यामुळे. “दोन घरांत दोन शेगड्या कशाला पेटवायच्या या हिवाळ्यात? तुझी पुस्तकं मागच्या खोलीत मावतील. लोकांना काय बोलायचं ते गेल्या वर्षीच बोलून झालंय.” मी म्हटलं, गाडीचं तेल बघायला हवं, आणि निघालो. मी चालत आलो होतो हे तुलाही दिसत होतं. त्या वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली की ते खरंच कुणी बोलेल असं मला वाटतच नव्हतं. तोंडात ‘हो’ तयार होतं. पण ते परवा बाहेर पडलं असतं तर तू माझ्यासमोर बसून, माझ्या हाताला धरून, उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत राहिली असतीस, आणि मी तुझं सांत्वन केलं असतं. ते मी करू शकलो असतो, मार्ला. मला सवय झाली होती. याचीच मला भीती वाटली. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही. तो प्रश्न तू दुसऱ्याच कुणाला तरी विचारलास, त्या सकाळी ज्याने खरं सांगितलं असं तुला वाटतं त्या माणसाला. असा माणूस तुझ्या शेजारी राहत नाही. जो राहतो त्याला काही विचारायचं उरलं असेल तर विचार; नसेल तर मी समजेन.

तू परवानगी दिलीस तरच तुझा,
लायल